बालीहून लोंबोकला: विमानानं की बोटीनं?

बालीचा न्गुरा राय विमानतळ आणि शेजारच्या लोंबोक बेटावरचा प्राया इथला विमानतळ, यांच्यात सरळ रेषेत साधारण 122 किलोमीटर अंतर आहे. मुंबई आणि पुण्याचे विमानतळही जवळपास एवढ्याच अंतरावर आहेत. विमान हवेत असतं जेमतेम अर्धा तास. तिकिटावर पाऊण तासाच्या आसपास वेळ दिसते. दोन्ही बेटांची घड्याळं एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

पण त्या पाऊण तासावर जाऊ नका. हॉटेल सोडल्यापासून पुढच्या हॉटेलात पोचेपर्यंतचा वेळ मोजा.

समजा तुम्ही बालीतल्या उबुदला आहात आणि जायचंय लोंबोकजवळच्या छोट्या गिली बेटांवर. विमानतळापर्यंत दीड तास, तिथं दीड-दोन तास आधी हजर, मग उड्डाण, बॅगा, प्रायाहून बांगसालच्या धक्क्यापर्यंत दीड-दोन तास गाडी आणि शेवटी पुन्हा छोटी बोट. अख्खा दिवस गेला. उलट उबुदहून पादांगबाई बंदर तासाभरावर, तिथून स्पीडबोट दोनेक तासांत थेट गिलीला सोडते. इथं बोटच घ्या.

मुक्काम दक्षिण लोंबोकला, कुटा किंवा मांदालिकाच्या बाजूला असेल, तर उत्तर नेमकं उलटं. विमानतळावरून अर्ध्या तासात तुम्ही खोलीत असता. (कुटा नावाचं गाव दोन्ही बेटांवर आहे, हॉटेल बुक करताना बेटाचं नाव नीट वाचा.)

तिसरा पर्याय पादांगबाईहून लोंबोकच्या लेंबार बंदरात जाणाऱ्या फेरीबोटीचा. चार-पाच तास लागतात, पण सगळ्यांत स्वस्त आणि स्कूटरसुद्धा चढवता येते. हाताशी वेळ असेल तर मला हीच आवडते.

समुद्राचं मात्र गांभीर्यानं घ्या. लोंबोकच्या सामुद्रधुनीतून पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे जोरात वाहतं, आणि जुलै-ऑगस्टच्या वाऱ्यात लाटा उसळतात. आईला घेऊन मी स्पीडबोटीनं गेलो. किनाऱ्यावर पाणी शांत होतं. अर्ध्या तासानं बोट लाटांवरून आपटायला लागली आणि आई दोन्ही हातांनी समोरची सीट धरून, डोळे मिटून बसली. उतरल्यावर दोन दिवस तिची कंबर धरली होती. पाठीचं दुखणं असलेली वडीलधारी माणसं, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ सोबत असेल, तर वेळ आणि पैसे जास्त गेले तरी विमानच.

विमानालाही एक धोका आहे, ज्वालामुखीच्या राखेचा. नोव्हेंबर 2017 मध्ये बालीतला आगुंग ज्वालामुखी जागा झाला तेव्हा दोन्ही विमानतळ बंद ठेवावे लागले होते. परतीचं आंतरराष्ट्रीय विमान बालीहून असेल, तर आदल्या दिवशीच बालीत येऊन राहा.

विमान ठरलं तर सकाळचं घ्या आणि जाताना डावीकडची खिडकी मागा. आकाश मोकळं असलं तर आधी आगुंग दिसतो, मग लोंबोकवरचा 3726 मीटर उंचीचा रिंजानी ज्वालामुखी.