गाऊन ते लेगिंग्ज: बाळंतपणानंतरच्या कपड्यांचा काही महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी आता धरून उभी राहते आणि सोफ्याच्या कडेकडेने चालते. ती सव्वा महिन्याची झाल्यापासून मी घरात आणि बाहेर जवळजवळ रोज लेगिंग्ज, टाइट्स, जॉगर्स, फीडिंग टी-शर्ट असलेच कपडे घालते आहे. माझं सीझर झालं होतं, अंगावरचं दूध अजून चालू आहे आणि मध्ये रजा संपून नोकरीही सुरू झाली. जाहिरातींमधली आई सपाट पोटाची आणि मोकळ्या हातांची असते, त्यामुळे ओल्या बाळंतिणीला यातलं नेमकं काय उपयोगी पडतं ते कळायला मार्ग नसतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे बाळंतिणीचा पोशाख म्हणजे पुढे चेन असलेला गाऊन. पहिल्या महिन्यात त्याला तोड नाही. मालिश, शेक, टाके, दर दोन तासांनी पाजणं, सगळं त्यात सोपं जातं. अडचण नंतर येते. बाळ झोपलंय, घरात थांबायला कोणीतरी आहे, ऊन उतरलंय, अशी वेळ दिवसातून एकदा येते आणि अर्धा तास टिकली तर टिकते. तेवढ्यात गाऊन काढा, ब्रा घाला, कुर्ता-सलवार घाला, ओढणी शोधा, तोवर पोर उठलेलं असतं. अंगात आधीच लेगिंग्ज आणि टी-शर्ट असला तर बुटात पाय सरकवले की निघता येतं. माझं चालणं सुरू झालं आणि टिकलं ते एवढ्याचमुळे. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं असेल तर बाळंतपणानंतरही आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 च्या त्यांच्या सूचनांमध्ये तो सलगच हवा अशी अटही नाही. सोसायटीच्या आवारातल्या दहा मिनिटांच्या फेऱ्याही धरल्या जातात, हे मला फार धीर देणारं वाटलं.

आता लेगिंग्जचा कमरपट्टा. सीझर झालेल्या बाईने बाकी काही बघितलं नाही तरी हे बघावं. टाका आडवा असतो, ओटीपोटाच्या खालच्या बाजूला. नेहमीच्या लेगिंग्जचं इलॅस्टिक बरोबर त्याच्यावर येतं. उभं असताना काही वाटत नाही, पण बाळाची लंगोट बदलायला खाली मांडी घालून बसलं की इलॅस्टिक दुमडतं आणि त्याची कड व्रणावर घासते. संध्याकाळपर्यंत तिथे लाल रेघ उमटते. बेंबीच्या वर जाणारा, चार-पाच बोटं रुंद, दुहेरी कापडाचा पट्टा असलेली लेगिंग्ज घेतली आणि हा त्रास थांबला. दुकानात पट्टा उलटा करून आत बोट फिरवा. आत अगदी बारीक इलॅस्टिक शिवलेलं असेल तर ते बसल्यावर काचतं. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका, खाली उकिडवं बसा, वाका, मांडी घाला. पट्टा गुंडाळत खाली आला तर ती लेगिंग्ज घरी आणून उपयोग नाही. वाकल्यावर मागून कापड पारदर्शक होतं का तेही तेव्हाच कळतं, आणि दिवसभर खाली वाकून पोर उचलायचं असल्यामुळे ते कळायलाच हवं.

‘पोट आत घेणारी’ म्हणून विकली जाणारी घट्ट टाइट्स मात्र मी कोणाला सुचवणार नाही. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू बाजूला सरकतात आणि बऱ्याच जणींचे ते बाळंतपणानंतरही काही महिने पूर्ण जवळ येत नाहीत. बाहेरून आवळून ते जुळत नाहीत. माझ्या फिजिओथेरपिस्टने श्वासाचे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम दिले होते, फरक पडला तो त्यांनी. आवळलेल्या टाइट्समध्ये तर पोटातून खोल श्वास घेता येत नाही, म्हणजे जो व्यायाम करायचा तोच अडतो. आईने पहिल्या महिन्यात मऊ सुती साडीने पोट बांधलं होतं, त्याचा कमरेला आधार वाटायचा. ती सैल-घट्ट करता येत होती, हा मोठा फरक आहे.

वरच्या कपड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. सासूबाईंनी पहिला टी-शर्ट हातात घेऊन विचारलं होतं, “अगं, हे वरून काढायचं की खालून? पाजणार कशी तू?” अगदी बरोबर प्रश्न होता. डोक्यावरून घालायची साधी स्पोर्ट्स ब्रा या काळात निरुपयोगी आहे. भुकेने रडणारं बाळ मांडीवर आणि घामाने चिकटलेली ब्रा वर ओढायची, हे जमत नाही. शिवाय ती सगळीकडून सारखी दाबते, आणि दूध भरलेलं असताना तसा दाब राहिला की गाठ होऊ शकते. खांद्याजवळ एका हाताने सुटणारं हूक, आत तार नाही, आणि हूक सुटल्यावरही बाजूचा आधार शाबूत राहील अशी फीडिंग ब्रा घ्या. ती बाळंतपणाआधी घेऊन ठेवू नका. पान्हा नीट बसेपर्यंत माप बदलत राहतं, दोन महिने होत आले की थोडं स्थिरावतं.

फीडिंग टी-शर्टचे मी दोन प्रकार वापरले. छातीवर उभ्या चेनी असलेले आणि दोन पदरांचे, ज्यात वरचा पदर उचलला की आतल्या पदराला बाजूने फट असते. दोन पदरांचा सरस. चेनचं टोक बाळाच्या गालाला लागतं आणि चेनवाल्या टी-शर्टवर चालताना बाळ कॅरिअरमध्ये, म्हणजे पोटाशी बांधायच्या पट्ट्यांच्या झोळीत असेल तर ते आपल्यालाही टोचतं. दुसरी गोष्ट रंगाची. लिफ्टमध्ये दुसऱ्या कोणाचं बाळ रडलं तरी पान्हा फुटतो, आणि फिकट राखाडी टी-शर्टवर ओले गोल डाग लांबून दिसतात. गडद निळा, काळा किंवा छापील कापड घ्या. खाली लेगिंग्जलाही हेच लागू. शिंकताना, खोकताना लघवीचा थेंब जाणं बाळंतपणानंतर अनेकींना होतं, कोणी बोलत नाही एवढंच. गडद रंगामुळे मी बाहेर पडताना बिनधास्त राहिले. पण ते कमी होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. धावणं, उड्या हे फिजिओथेरपिस्ट निदान तीन महिने तरी नको म्हणतात, म्हणून धावण्याचे महागडे टाइट्स लगेच घेण्याची घाई नको.

कापडाबद्दल माझं मत महिन्यागणिक बदलत गेलं. घरात कॉटन-लायक्रा. जॉकीची साधी कॉटन-लायक्रा लेगिंग्ज मी सगळ्यात जास्त वापरली आहे. अंगाला मऊ, उकडत नाही, आणि कॅरिअरचा कमरपट्टा तिच्यावरून घसरत नाही. नायलॉनच्या गुळगुळीत टाइट्सवरून तो सरकत सरकत बरोबर टाक्यावर येतो. पण कॉटन-लायक्रा गुडघ्यात फुगते आणि पुण्याच्या जुलैमध्ये दोन-दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यात नायलॉन-स्पॅन्डेक्सच (स्पॅन्डेक्स म्हणजे लायक्राचाच ताणणारा धागा) कामी आलं, रात्री धुऊन पंख्याखाली टाकलं की सकाळी कोरडं. किंमत दुपटीच्या आसपास जाते, पण पुन्हापुन्हा धुऊनही ते कापड सैल पडलं नाही. पॉलिस्टरचे स्वस्त टी-शर्ट मी आता घेत नाही. ते तेलकटपणा धरून ठेवतं, आणि घामात बाळाच्या गुळणीचा, दुधाचा वास मिसळला की धुतल्यावरही जात नाही. ऑनलाइन मागवलेल्या एका टी-शर्टचा वास तर ऊन लागलं की पुन्हा वर यायचा.

दुधाचा डाग आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने दुधातलं प्रथिन कापडात पक्कं बसतं. फॅब्रिक सॉफ्टनर या कपड्यांना अजिबात नको, त्याचा थर बसून घाम शोषणं बंद होतं. इस्त्री आणि ड्रायरने लायक्रा मरते. आणि मशीनमध्ये टाकताना बाळाचं लाळेरं वेगळं ठेवा. लाळेऱ्याचं वेल्क्रो मशीनमध्ये उघडं राहिलं की टाइट्सचे धागे ओढून काढतं, मांडीवर बारीक केसाळ रेघा पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत.

खिसा हवाच, आणि तो मांडीच्या बाजूला. एका कडेवर बाळ असताना दुसऱ्या हाताने किल्ली आणि मोबाइल सहज निघाला पाहिजे. कमरेमागच्या चेनच्या खिशाला कॅरिअर बांधल्यावर हातच पोचत नाही.

घरच्यांचं म्हणाल तर फार काही झालं नाही. पाहुणे आले की वरून लांब काहीतरी घाल, एवढं सासूबाईंनी सांगितलं. एक पुढून उघडी सुती लांब कुर्ती दाराच्या मागे कायम टांगलेली असते. तीच भाजी आणायला आणि पोलिओच्या डोसाला जातानाही चालते. सव्वीस आठवड्यांची रजा संपून ऑफिस सुरू झालं तेव्हा काळ्या जाड टाइट्सवर हीच युक्ती केली, आणि परत येताना दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी येणं त्यामुळे जमू लागलं. रविवारी मुलीला पोटाशी बांधून वेताळ टेकडीवर जाते. चढावर जॉगर्सपेक्षा टाइट्स बऱ्या, जॉगर्सचा घोट्याजवळचा सैलपणा काट्याकुट्यांत अडकतो.

किती घ्यायच्या, असं विचाराल तर सुरुवातीला दोन कॉटन-लायक्रा, एक नायलॉन, दोन पदरांचे तीन टी-शर्ट आणि तीन ब्रा. ब्रा सगळ्यात जास्त भिजतात, त्यात काटकसर करू नका. लेगिंग्ज आत्ताच्या मापाच्या घ्या. ‘वजन उतरल्यावर होईल’ म्हणून एक साइज लहान घेतलेली लेगिंग्ज टाका दुखवते. वजन उतरलं की मोठी लेगिंग्ज रात्री झोपायला वापरता येते. माझ्या वहिनीला सातवा लागलाय, तिच्यासाठी मी दोन नाडीवाले जॉगर्स आणि टी-शर्ट धुऊन बाजूला काढले आहेत. टाइट्स आणि ब्रा देणार नाही, त्या ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे ताणलेल्या असतात, तिने नव्याच घ्याव्यात.