कॅनव्हास, काचेची फ्रेम की ॲक्रिलिक? खान्देशात मोठ्या प्रिंट विकायच्या असतील तर

तोरणमाळचे ढग, हतनूरच्या पाण्यावरचे पक्षी, पाटणादेवीचं पावसाळी जंगल असे फोटो जमलेत, ओळखीचे दोन-चार डॉक्टर 'मोठा करून द्या' म्हणताहेत आणि आता हे धंदा म्हणून करायचंय. अशा वेळी कॅमेरा बदलण्याआधी ठरवायचं ते हे, की छापायचं कशावर. पुण्या-मुंबईत ॲक्रिलिकला, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक शीटमागे चिकटवलेल्या प्रिंटला, सगळ्यात वरचा मान. जळगाव-धुळे-नंदुरबारची हवा, धूळ आणि पार्सलची दैना बघितली, तर माझा क्रम नेमका उलटा लागतो.

आधी मापाचं बघू. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० पिक्सेल असतात. ४० इंच रुंद प्रिंट काढली तर इंचाला १५० पिक्सेल मिळतात आणि पाच-सहा फुटांवरून बघणाऱ्याला ते पुरतात. अट एकच, फोटो पूर्ण वापरलेला हवा. लांबून टिपलेला पक्षी कापून मोठा केला की हा हिशोब कोसळतो. तो फोटो लहानच छापावा, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

कॅनव्हासला काच नाही, त्यामुळे चकाकीही नाही. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये समोरच ट्यूबलाइट असते; तिथे काचेच्या फ्रेममध्ये सातपुडा कमी आणि ट्यूबलाइटच जास्त दिसते. दुसरा फायदा वाहतुकीचा. तीन-चार प्रिंट एका नळीत गुंडाळून ट्रॅव्हल्सने मागवता येतात आणि लाकडी चौकटीवर गावातच ताणून घेता येतात. फक्त फाइल पाठवताना चारही बाजूंना दोन-अडीच इंच जास्तीचं चित्र ठेवा, नाहीतर कडेचं झाड चौकटीच्या मागे वळतं. एक खबरदारी खास आपल्याकडची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की घरोघरी डेझर्ट कूलर सुरू होतात. त्या ओल्या हवेच्या झोतात कॅनव्हास ढिला पडतो. म्हणून चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत पाचरी बसवून घ्या, म्हणजे त्या जरा ठोकल्या की कापड परत ताणलं जातं. वरून संरक्षक लेपही हवाच, कारण इथे धूळ पुसावी लागणार हे नक्की.

फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर कॅनव्हासचा रोल चढवूनही प्रिंट मिळते, तीही बऱ्याच कमी पैशांत. लांबून ठीक वाटते, पण जवळ गेलं की सावल्यांत ठिपके दिसतात. 'इतलं महाग?' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे दोन्ही तुकडे शेजारी ठेवावेत, बोलायची फारशी गरज उरत नाही. आपण पिगमेंट शाईचीच, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या टिकाऊ शाईची, प्रिंट विकायची.

कॅनव्हास कमी पडतो तो बारकाव्यात. कापडाच्या विणीत पिसांच्या रेषा हरवतात. रानपिंगळ्याचंच घ्या. ११३ वर्षं ज्याचा पत्ता नव्हता आणि १९९७ मध्ये जो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, त्या घुबडाचा चांगला फोटो तुमच्याकडे असेल तर तो कागदावरच जायला हवा. मॅट म्हणजे बिनचकाकीचा कागद, भोवती रुंद माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी), वर काच. पण ३ बाय २ फुटांची ४ मिलिमीटर जाडीची नुसती काचच साडेपाच किलोंची होते, तेव्हा खिळ्यावर भागत नाही, स्क्रू-प्लग लागतात. आपले फ्रेमवाले तसबिरी बनवण्यात पटाईत आहेत आणि तसबिरीत फोटो थेट काचेला टेकवायची पद्धत. इथे ते चालणार नाही. दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना शाई उचलली जाते. मधे माउंटची फट सोडायला आणि आम्लविरहित बोर्ड वापरायला सांगा. साधा माउंट काही वर्षांत पिवळा पडतो. जुन्या मातीच्या भिंतीवर लावणार असाल तर मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागणार नाही याचीही सोय बघा. एवढं सगळं असूनही काचेच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. ती फुटली तर तालुक्याच्या गावीही नवी बसवून मिळते.

ॲक्रिलिकचं तसं नाही. त्यात प्रिंट पारदर्शक शीटच्या मागे कायमची चिकटवलेली असते, त्यामुळे एक ओरखडा पडला तरी पूर्ण तुकडा बाद. आणि ओरखडा पडायला फार काही लागत नाही, धूळ बसलेली असताना कोरड्या फडक्याने एकदा पुसलं की झालं. त्यात हे प्लॅस्टिक घासलं की धूळ आणखी ओढून घेतं. काच पुसायचे अमोनियाचे स्प्रे त्याला चालत नाहीत, हे गिऱ्हाइकाला लेखी द्या. उन्हाळ्यात शीट किंचित प्रसरण पावते, म्हणून स्क्रूची भोकं थोडी सैल ठेवावी लागतात. शिवाय माल मोठ्या शहरातून लाकडी खोक्यात येणार, त्याचा खर्च वेगळाच.

तरीही तापीच्या पाण्यातलं संध्याकाळचं प्रतिबिंब ॲक्रिलिकमध्ये जसं उजळतं तसं दुसऱ्या कशातच नाही. जळगावच्या सराफी पेढीत बंद दारं असतात, एसी असतो, वरून नेमका प्रकाश असतो. तिथे ॲक्रिलिक शोभतं आणि टिकतंही. म्हणून ते फक्त ऑर्डरवर आणि किमान निम्मी रक्कम आधी घेऊनच करा. नमुन्यादाखल एक लहान तुकडा जवळ असला की पुरे. सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीचा, विचार प्रदर्शनापुरताच, कारण तो वाकतो.

माझी वाटणी अशी: रोजच्या विक्रीला कॅनव्हास, पक्ष्या-प्राण्यांच्या जवळच्या फोटोंना काचेची फ्रेम, ॲक्रिलिक मागितलं तर.

राहिला स्वतःचा मोठा प्रिंटर घेण्याचा मोह. आठवड्याला ठरलेल्या ऑर्डरी नसतील तर नकोच. तो पडून राहिला की आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या शाई सोडणाऱ्या हेडमध्ये शाई सुकते आणि हेड साफ करण्यातच पुन्हा महागडी शाई जाते. नाशिक, पुणे, सुरत किंवा इंदूरची लॅब गाठा. ठरवण्याआधी प्रत्येकीकडून एकाच फोटोच्या सर्वांत गडद भागाची बारा इंची पट्टी छापून मागवा आणि दिवसा खिडकीपाशी धरून बघा. पट्ट्या सगळीकडूनच काळपट आल्या तर दोष लॅबचा नाही. तुमच्या मॉनिटरचा उजेड जास्त आहे, म्हणून गडद फोटोही तुम्हाला उजळ दिसतो; तो उजेड उतरवा, फोटो त्यावर पुन्हा उजळून घ्या आणि मग फाइल पाठवा.