टूडू डॉट टीएक्सटी: कामांची यादी एका साध्या फाइलीत

कामांच्या ॲपमध्ये एक काम नोंदवायला घेतलं की स्टेटस, टॅग, अंदाजे वेळ, जबाबदार व्यक्ती असे रकाने समोर येतात आणि आपण ते काम लिहायचंच टाळतो. यादी अर्धवट राहते, मग तिच्यावर भरवसा उरत नाही. एकट्याने काम करणाऱ्यांनी लाइफहॅकर या संकेतस्थळाच्या संस्थापक जीना ट्रपानी यांची २००६ सालची टूडू डॉट टीएक्सटी ही पद्धत जरूर वापरावी. फाइल नोटपॅडमध्येही उघडते, नियम पाच मिनिटांत कळतात.

एका ओळीत एक काम. अग्रक्रम द्यायचा तर ओळीच्या अगदी सुरुवातीला कंसात कॅपिटल ए, बी, सी. मग नोंदीची तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. प्रकल्पाला + आणि ठिकाणाला किंवा साधनाला @. उदाहरणार्थ: ‘मुद्रकाकडून कागदाचा दर घेणे +दिवाळीअंक @फोन’. ‘+दिवाळी अंक’ असं तोडून लिहिलंत तर प्रकल्पाचं नाव नुसतं ‘दिवाळी’ धरलं जातं. काम झालं की ओळीआधी स्मॉल एक्स आणि एक स्पेस.

फाइल अक्षरक्रमाने लावली की कंसवाली कामं आपोआप वर येतात. मराठीत लिहिणाऱ्यांची अडचण इथेच होते. क्रमवारीत रोमन अक्षरं देवनागरीच्या आधी लागतात, म्हणून एक्स लागलेली, झालेली कामं बाकी कामांच्या डोक्यावर जाऊन बसतात. प्रत्येक कामाला इंग्रजी अंकांत नोंदीची तारीख द्या; ते अंक एक्सच्या आधी येतात, प्रश्न मिटतो. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट जपणाऱ्या एन्कोडिंगमध्येच साठवा.

कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायचं तर, याच पद्धतीचा टूडू डॉट एसएच हा छोटा प्रोग्रॅम उत्तम चालतो. ‘डू’ ही आज्ञा कामाच्या क्रमांकासह दिली की झालेलं काम लगेच डन डॉट टीएक्सटी या वेगळ्या फाइलीत जातं आणि खालच्या ओळींचे क्रमांक सरकतात. तिसरं आणि सातवं काम संपलं असेल तर दोन्ही क्रमांक एकाच आज्ञेत द्या, नाहीतर दुसऱ्या वेळी भलत्याच कामावर फुली पडेल.

मुदतीची तारीख मूळ नियमांत नाही. इंग्रजीत ‘ड्यू’ लिहून कोलनच्या (:) पुढे तारीख टाकायची प्रथा आहे, पण ती वाचणं ज्या त्या ॲपवर. फाइल स्वतःहून आठवण करणार नाही. विम्याचा हप्ता कॅलेंडरमध्येच ठेवा. फाइल ड्रॉपबॉक्सवर ठेवून फोन आणि लॅपटॉपवर एकाच वेळी बदल केले तर ड्रॉपबॉक्स दुसरी प्रत तयार करतो, आणि त्या दोन्ही हातानेच जुळवाव्या लागतात. चार-पाच जणांच्या टीमने मात्र ट्रेलोसारखा सामायिक फलकच घ्यावा.