‘नोडु’ म्हटल्यावर पाहणारी कुत्री : बेळगावातील एका श्वान-प्रशिक्षण सेवेविषयी

बेळगावात घरी येऊन कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका प्रशिक्षकाकडून आम्ही आठ धडे घेतले आणि त्याचे ४,८०० रुपये मोजले. हे गृहस्थ फलक लावत नाहीत, जाहिरात करीत नाहीत, आणि आपले नाव कुठेही छापू नये असे त्यांनी बजावून सांगितले आहे. म्हणून येथे त्यांना नुसते ‘मास्तर’ म्हणतो. आमच्या गल्लीतही त्यांना सगळे तेच म्हणतात. त्यांच्या घरची भाषा कन्नड, पण मराठी अस्सल बेळगावी वळणाची आहे.

कुत्री आमची, मुधोळ जातीची, गोकाकच्या पुढच्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवरून अडीच महिन्यांची असताना आणलेली. डोळ्यांभोवती कोणी काजळाची काडी फिरवावी तशी काळी कड असल्यामुळे आईने तिचे नाव सुरमी ठेवले. मास्तरांना बोलावण्याचे कारण साधे होते, ते म्हणजे हाक मारली तरी सुरमी मान वळवत नसे. आठ धड्यांतील पहिले तीन केवळ नजरेला नजर देण्याचे असतील, हे आधी कळले असते तर मी बहुधा फोनच केला नसता.

त्याचे कारण सांगितले पाहिजे, कारण या सेवेविषयी माझे मत त्यावरच उभे आहे. मी शहापुरातील एका पतसंस्थेत २२ वर्षे रोखपालाच्या खिडकीत बसतो, आणि खातेदार मला चेहऱ्यापेक्षा सहीवरून नि हातांवरून जास्त ओळखू येतात. सुताने चिरलेली बोटे आली की वडगावचे विणकर, नखांत माती राहिलेली आली की येळ्ळूरचे शेतकरी. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलायचे म्हटले की मला त्याचे शब्दच ऐकू येईनासे होतात. लहानपणी वडिलांसमोर मान वर केली तर “डोळे वर करून बघतोस?” म्हणून धपाटा मिळत असे, आणि नोकरीच्या मुलाखतीत वडिलांच्याच वयाच्या गृहस्थांनी “नजरेला नजर देऊन बोला, तोंड चोरू नका” असे सुनावले. मधल्या काळात नियम कधी बदलला, ते मला कोणी कळवले नव्हते. हा सारा दोष वडिलांच्या धपाट्याचा, असे मात्र मी म्हणणार नाही. तोच धपाटा खाल्लेला माझा धाकटा भाऊ समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बेधडक उधार मागतो.

पहिला धडा अंगणात, सकाळी सव्वासहाला झाला. मास्तर माझ्यासमोर न बसता पायरीवर माझ्या शेजारी बसले, दोघांची तोंडे सुरमीकडे. पिशवीतून त्यांनी कडक भाकरी काढली. पापडासारखी वाळवलेली ही ज्वारीची भाकरी आपल्याकडे कोणत्याही किराणा दुकानात मिळते. तिचे हरभऱ्याएवढे तुकडे करून त्यांनी एक मुठीत धरला आणि हात बाजूला लांब केला. सुरमीने मूठ हुंगली, पंजाने ओरबाडली, दोनदा भुंकली, मग खाली बसून मुठीकडे टक लावून राहिली. मास्तर काहीच बोलले नाहीत. मी मनात चाळीसपर्यंत आकडे मोजले असतील, तेवढ्यात ‘हा माणूस देत का नाही’ अशा भावाने तिने निमिषभर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्याच क्षणी “हं” म्हणून त्यांनी मूठ उघडली. तुकडा मुठीकडे पाहून मिळत नाही, डोळ्यांकडे पाहून मिळतो, एवढाच तो धडा. चार-पाच वेळा ती आपणहून पाहू लागल्यावर त्या पाहण्याच्या आधी ‘नोडु’ हा शब्द जोडला. कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘बघ’. आरंभी एक सेकंद, मग दोन, मग तीन. एका वेळी पाच मिनिटांहून जास्त नाही, आणि दिवसातून तीनदा.

माझी पाळी आली तेव्हा मी पुढे वाकून तिची नजर शोधू लागलो. मास्तर म्हणाले, “सर, तुम्ही कशाला तिच्याकडं वाकून बघालाय? तिला बघू दे की तुमच्याकडं.” मी पाठ टेकून बसलो. थोड्या वेळाने तिने पाहिले आणि नजर तशीच ठेवली. तिच्या डाव्या डोळ्यातील तपकिरी रंगात खालच्या बाजूला मोहरीएवढा पिवळसर ठिपका आहे, तो मला त्या दिवशी दिसला. पतसंस्थेत माझ्या शेजारच्या खिडकीत १४ वर्षे बसणाऱ्या सहकाऱ्याच्या डोळ्यांचा रंग कोणता, हे मला आजही सांगता येणार नाही.

माणसाच्या नजरेत एकाच वेळी अनेक गोष्टी विचारलेल्या असतात: ऐकतोस ना, पटले का, खरे बोलतोस ना, आणि त्या सगळ्यांचे उत्तर आपल्याला चेहऱ्याने द्यावे लागते. सुरमीचा प्रश्न भाकरीपाशी सुरू होऊन भाकरीपाशी संपतो, आणि त्याचे उत्तर माझ्या मुठीत असते. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, आपल्या कुत्र्याशी अधिक वेळ नजर जुळलेल्या मालकांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातील जवळिकीशी जोडले जाणारे हे संप्रेरक आहे. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसे घडले नाही. उलट बाजूने, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) व्यक्तींना चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागाकडेच पाहायला लावले की त्यांच्या मेंदूच्या खोल भागांत नेहमीपेक्षा अधिक खळबळ होते, असे २०१७ च्या एका अभ्यासात आढळले. म्हणजे नजर टाळणारा माणूस बेपर्वा असतो असे नाही. त्याला ते पाहणेच जड जात असू शकते. मला कोणत्याही डॉक्टरने कोणतेही नाव दिलेले नाही, पण हे वाचून मुलाखतीतल्या त्या गृहस्थांची आठवण झाली.

मास्तरांच्या शिकवण्यातील सर्वांत मोलाचा भाग मला दुसऱ्या धड्यात मिळाला. घरच्या कुत्र्याने आपल्याकडे पाहणे हा विश्वास, परंतु परक्या कुत्र्याच्या डोळ्यांत आपण रोखून पाहणे हे त्याला आव्हान, हा भेद त्यांनी गल्लीतल्या एका भटक्या कुत्र्याजवळ नेऊन दाखवला. मान जराशी वळवून बाजूने उभे राहायचे. कुत्र्याने तोंड फिरवले तरी डोळे आपल्यावरच राहिले आणि कोपऱ्यातील पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागला, तर तिथेच थांबायचे. नजर चुकवणे हे या व्यवहारात चक्क शिष्टाचार आहे, हे ४७व्या वर्षी मला एका भटक्या कुत्र्याने सांगितले. शेजारच्या काकूंच्या मांजराचा प्रकार आणखी वेगळा. डोळे अर्धवट मिटून सावकाश पापण्या हलवल्या तर मांजरे तसेच उत्तर देण्याचा आणि जवळ येण्याचा संभव वाढतो, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये नोंदवले आहे. मी करून पाहिले; काकूंचे मांजर झोपी गेले.

प्रामाणिकपणाबद्दल मास्तरांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. “मुधोळ म्हणजे लांब बघणारं कुत्रं, लॅब्रॅडॉरच्या दुप्पट वेळ धरा,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. ही जात वासापेक्षा नजरेने शिकार करणारी. लांब नाकाच्या कुत्र्यांत डोळ्याच्या पडद्यावरील पेशी आडव्या पट्ट्यात पसरलेल्या असतात, त्यामुळे क्षितिज चांगले टिपता येते. आखूड तोंडाच्या जातींत त्या मध्यभागी अधिक दाटलेल्या असतात. आखूड तोंडाची कुत्री अनोळखी माणसाशीही लवकर नजर जुळवतात, असे हंगेरीतील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले. सुरमीचे नाक पळीच्या दांड्यासारखे. तिची नजर क्षितिजाकडे आणि माझी खातेवहीकडे, असा आमचा जोडा होता, आणि तरी तिसऱ्या आठवड्यात ती सात सेकंद पाहू लागली, याचे श्रेय मी मास्तरांच्या न बोलण्याला देतो.

भाषेचा घोळ मात्र आम्ही घातला. मास्तर ‘नोडु’ म्हणत, मी ‘बघ’, आणि आई “बघ गं माझी बाय ती” असे संपूर्ण वाक्य म्हणे. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरायचा, हा मास्तरांचा नियम आहे. कोणता, यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली. शेवटी कुत्रीला आधी कळला तो ठेवावा, असे आईनेच ठरवले. आता आई सुरमीशी मराठीत गप्पा मारते आणि हुकूम कन्नडमध्ये सोडते.

तक्रारी आहेत. सहावा धडा येळ्ळूर रस्त्यालगतच्या शिवारात, भात कापून झालेल्या रानात होता, समोर राजहंसगड. नांगराच्या मागून चालणारे बगळे उठले आणि सुरमीला ना नोडु आठवले ना भाकरी. तिने हिसका दिला तशी मास्तरांनीच ६५० रुपयांना विकलेल्या दोरीची कडी निखळली. ती परत येईपर्यंत पंचवीस मिनिटे मी बांधावर घसा कोरडा करीत होतो. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कडी बदलून दिली, पण त्यांनी माल विकण्याच्या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धावणाऱ्या कुत्र्याची दोरी चांगल्या दुकानातून, कडी हातात घेऊन, ओढून पाहून घ्यावी.

दुसरी तक्रार रविवारच्या सामुदायिक धड्याची. बारा माणसे गोलात उभी करून प्रत्येकाने इतरांकडे पाहत स्वतःची ओळख सांगायची, असा त्यात प्रकार आहे. कुत्री तोवर एकमेकांना हुंगून मोकळी झाली होती. माझी पाळी आल्यावर मी सुरमीच्या कानाकडे पाहत नाव सांगितले, आणि त्यानंतर त्या धड्याला गेलो नाही. त्याचे ६०० रुपये परत मिळाले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत. शिवाय दर आठवड्याला स्वतःचा चेहरा दिसेल असा सरावाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा लागतो. दोनदा विनंती केल्यावर मास्तरांनी फक्त कुत्रीचा व्हिडिओ चालवून घेतला.

ज्यांना बोलवायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मास्तर सकाळी साडेसातनंतर येत नाहीत, त्यामुळे नोकरदारांची सोय होते. कुत्र्याला सकाळचे खाणे धड्याआधी देऊ नये आणि कडक भाकरी बिनमिठाची घ्यावी. भाकरी न खाणाऱ्या कुत्र्यांसाठी ते उकडलेले अंडे आणायला सांगतात. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो दोरीचा आणि रविवारचा मिळून. पुढच्या महिन्यापासूनच्या चार धड्यांचे पैसे कालच भरले. या वेळचा शब्द ‘बा’, म्हणजे ‘ये’, आणि पहिला धडा त्याच शिवारात, बगळ्यांच्या वेळेला ठेवला आहे.