मुदतीआधी गृहकर्ज फेडल्यावरचा अनुभव: पैसे भरायला पाच मिनिटं, फाइल सोडवायला जीव जातो

कर्जखातं शून्यावर आलं, नो ड्यूजचं पत्रही मिळालं, पण मूळ कागदांच्या पाकिटात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा पुरावा) नव्हतं. त्या एका कागदासाठी हा एवढा मोठा रिव्ह्यू. बँकेचं नाव देत नाही. पार्ट पेमेंटच्या, म्हणजे मुदतीआधी मुद्दलात जादा रक्कम भरण्याच्या, सोयीला पाचपैकी साडेचार, फाइल परत देण्याला दीड.

आधी चांगलं ते सांगतो. ॲपमधून पार्ट पेमेंट करणं आता खरंच सुटसुटीत झालंय. रक्कम त्याच दिवशी मुद्दलातून वजा होते, आणि व्याज रोजच्या शिल्लकीवर धरलं जात असेल तर दुसऱ्याच दिवसापासून फरक पडतो. म्हणून बोनसचे पैसे वर्षअखेरीपर्यंत बचत खात्यात पडू देऊ नयेत. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून प्री-पेमेंटचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना बंदी केली, त्यामुळे शुल्काची भीती नको. पहिली दोन-तीन वर्षं दर स्थिर असलेलं कर्ज असेल, तर तेवढ्या काळात दंड आहे का, ते मंजुरीपत्र काढून बघा.

पाचातला अर्धा गुण गेला तो एका खुणेपायी. रक्कम टाकल्यावर ॲप विचारतं, ईएमआय कमी करायचा की मुदत? खूण आधीपासूनच ईएमआयवर असते. घाईत पुढे गेलात तर काय होतं ते आकड्यांत बघा. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. ईएमआय ४३,३९१ रुपये, आणि पहिल्या हप्त्यात मुद्दलाला जातात जेमतेम ७,९७४. पाच वर्षांनी शिल्लक सुमारे ४४.०६ लाख. त्या वेळी ५ लाख भरले आणि मुदत कमी केली, तर उरलेल्या १८० हप्त्यांचे १४४ होतात आणि व्याजात सुमारे १०.७ लाख वाचतात. तेच ५ लाख भरून ईएमआय कमी केला, तर हप्ता ३८,४६७ वर येतो, १८० हप्ते तसेच राहतात आणि वाचतात फक्त ३.८६ लाख. पैसे तेवढेच, फरक जवळपास सात लाखांचा, तोही एका टिकमार्कमुळे.

काही महिने वापरल्यावर या बाबतीत माझं मत थोडं सौम्य झालंय. ईएमआय कमी करून घेतला आणि वाचलेले ४,९२४ रुपये दर महिन्याला स्वतःहून मुद्दलात भरत राहिलं, तर गणित मुदत कमी केल्यासारखंच निघतं. शिवाय नोकरीत खंड पडला तर सक्तीचा हप्ता लहान असतो. ज्यांचं उत्पन्न कंत्राटी किंवा कमिशनवर आहे त्यांना मी आता हाच मार्ग सुचवेन. अडचण एवढीच की बऱ्याच बँका पार्ट पेमेंटला किमान रक्कम ठेवतात, कुठे एका ईएमआयएवढी, कुठे त्याहून जास्त. मग तो फरक दोन-चार महिने साठवून भरावा लागतो, आणि तोवर तो शिल्लक राहील याची खात्री ज्याची त्याने द्यावी. पगार ठरलेला असेल तर सरळ मुदतच कमी करा.

पार्ट पेमेंटच्याही आधी करायचं काम म्हणजे व्याजदर बघणं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराला), जोडलेली असतात. त्याआधीचं एमसीएलआर किंवा बेस रेटचं, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दराला जोडलेलं, कर्ज अजून तसंच चालू असेल, तर किरकोळ शुल्क भरून ते बदलून घेता येतं. वरच्याच उदाहरणात पाच वर्षांनी दर साडेआठाचा आठ झाला आणि ईएमआय तोच ठेवला, तर साधारण दहा हप्ते कमी होतात, म्हणजे ४.३ लाख वाचतात. खिशातून मोठी रक्कम न काढता. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. आपल्या कर्जाचा दर तेवढा उतरला का, हे तिमाही विवरणात बघायचं. उरलेले हप्ते आणि वार्षिक दर या दोन्ही गोष्टी त्यात देणं ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बंधनकारक आहे. २०२२-२३ मध्ये दर चढले तेव्हा बऱ्याच जणांची मुदत गुपचूप वाढली होती. ती कुठे दिसते? याच विवरणातल्या उरलेल्या हप्त्यांच्या ओळीत.

आता टॅक्स. ‘कर्ज फेडू नकोस, सवलत जाईल’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावटच नाही, तेव्हा तिथे हा विषयच संपला. जुन्या प्रणालीत व्याजाच्या वजावटीला वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे. साडेआठ टक्क्यांनी वर्षाला २ लाख व्याज साधारण साडेतेवीस लाखांच्या शिल्लकीवर होतं. त्यावरच्या प्रत्येक रुपयाचं व्याज तुम्ही पूर्णपणे खिशातून देता, कुठलीही सवलत नाही. त्याखालच्या रकमेचा, तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, खरा दर ५.८५ पडतो. त्यामुळे जुन्या प्रणालीतल्या माणसाने साडेतेवीस लाखांपर्यंत जोरात फेडावं, पुढे घाई करू नये. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि दोघंही हप्ता भरत असतील, तर मर्यादा प्रत्येकाला वेगळी. आणि सहा ईएमआयएवढी रक्कम बाजूला काढल्याशिवाय पार्ट पेमेंट करूच नये. एकदा मुद्दलात गेलेला पैसा टॉप-अप कर्ज काढल्याशिवाय परत येत नाही.

खातं बंद करण्याचा दिवस नीट निवडा. फोरक्लोजर (मुदतीआधी खातं बंद करण्याच्या) स्टेटमेंटवर एक तारीख असते आणि रक्कम त्या तारखेपुरतीच खरी. दहा लाख शिल्लक असतील तर साडेआठ टक्क्यांनी दिवसाला २३३ रुपये व्याज चढतं. दोन दिवस उशिरा पैसे भरले की ४६६ रुपये कमी पडतात आणि तेवढ्यासाठी खातं उघडं राहतं. दुसरी गोची हप्त्याची. नॅचची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची, वसुली आधीच पाठवलेली असते, त्यामुळे हप्त्याच्या तोंडावर खातं बंद केलं तर फोरक्लोजरची रक्कमही जाते आणि ईएमआयसुद्धा कापला जातो, मग परताव्यासाठी अर्ज करत बसा. हप्ता जमा झालेला विवरणात दिसला की दोन-तीन दिवसांत रक्कम भरणं सगळ्यात सोयीचं. कर्ज दुसऱ्या बँकेत असेल तर आरटीजीएस करा, यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक जपून ठेवा आणि नॅच मँडेट रद्द झाल्याचं लेखी घ्या. कर्जासोबत एकरकमी प्रीमियमचा विमा गळ्यात मारला असेल, तर उरलेल्या काळाचा परतावा पॉलिसीच्या अटींप्रमाणे मागा. तो आपणहून कुणी देत नाही.

इथपर्यंत सगळं साडेचारचं. दीड गुणाची गोष्ट यापुढे.

मूळ कागद शाखेत नसतात, मध्यवर्ती केंद्रात असतात. तिथून सीलबंद पाकीट येतं, सोबत कागदांची यादी असते. तिला सगळे एलओडी म्हणतात. काउंटरवरचा माणूस पोचपावती पुढे सरकवतो, तिच्यावर ‘सर्व कागदपत्रे मिळाली’ असं छापलेलं असतं, आणि मागे रांग असते. इथेच थांबायचं. कर्ज घेताना बँकेने कागद जमा केल्याची जी यादी दिली होती, ती सोबत न्या आणि तिच्याशी ताडून बघा. आत्ता पाकिटासोबत आलेल्या यादीशी ताडण्यात अर्थ नाही, कारण जो कागद हरवलाय तो त्या यादीतूनही गायब असू शकतो. आमच्या बाबतीत नेमकं हेच. जुन्या यादीत शेअर सर्टिफिकेट क्रमांकासकट होतं, नव्या यादीत ती ओळच नाही, आणि उत्तर काय, तर ‘सिस्टीमप्रमाणे फाइल पूर्ण आहे’.

करारनामा पान उलटून तपासा. मुंबईत नोंदवलेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधकाचा शिक्का असतो: बरल, बदर, करल अशी कार्यालयाची खूण, दस्त क्रमांक, पान क्रमांक, एकूण पानं, वर्ष. एकूण पानं ९६ असतील तर ९६ वं पान दिसलंच पाहिजे, आणि मधलं एकही गळता कामा नये. करारनाम्याला जोडलेली नोंदणी फीची मूळ पावती, ‘३९म’ लिहिलेली, ही सगळ्यात सहज हरवणारी चीज. पातळ कागद, पिन गंजलेली, स्कॅन करताना सुटते आणि परत कुणी लावत नाही. रिसेलचं घर असेल तर आधीच्या मालकांचे करारनामेही तितकेच महत्त्वाचे, साखळी तुटली तर पुढचा खरेदीदार आणि त्याची बँक दोघंही अडून बसतात. बिल्डरच्या पावत्या, ताबापत्र, सोसायटीची एनओसी हे एका नजरेत होतं.

काही कमी असेल तर पोचपावतीवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘अमुक कागद मिळाला नाही’. खाली तारीख, सही, आणि त्याची प्रत मागा. प्रत देत नसतील तर फोटो काढून तिथूनच ईमेल करा. पुढचा सगळा हक्क या एका ओळीवर उभा राहतो. १३ सप्टेंबर २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, १ डिसेंबर २०२३ पासून लागू: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत आणि नोंदवलेला बोजा उतरवलेला हवा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवला किंवा खराब झाला असेल तर नक्कल किंवा प्रमाणित प्रत मिळवून द्यायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच सोसायचा. त्यासाठी ३० दिवस जास्त मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर मोजली जाते. अर्धवट फाइल वेळेत दिली म्हणजे मुदत पाळली असं होत नाही, कारण परिपत्रकात ‘सगळे’ मूळ कागद म्हटलंय. शाखेतल्या बहुतेकांना हा मजकूर माहीत नसतो. छापून न्या.

शेअर सर्टिफिकेटची नक्कल सोसायटी देते, पण त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, हमीपत्र आणि नोटीस वगैरे करावं लागतं. हे सगळं ज्याने कागद हरवला त्याने करायचं की ज्याचा हरवला त्याने? बँकेचं पहिलं उत्तर होतं, ‘तुम्ही सोसायटीतून काढून घ्या.’ परिपत्रकाचा संदर्भ देऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिल्यावर खर्च देण्याची तयारी दाखवली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, शुल्क नाही. दीडाचे दोन गुण केले असते, पण परिपत्रक दाखवल्याशिवाय कुणी हललं नाही, म्हणून दीडच.

बाकीची आवराआवर लवकर होते. बँकेने सरसाईवरचा (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा उतरवला का ते तिथे शोधून बघा. क्रेडिट रिपोर्टमध्ये कर्ज बंद आणि शिल्लक शून्य दिसायला हवी. दिसली नाही तर क्रेडिट ब्युरोकडे तक्रार करा, ३० दिवसांत निकाली न काढल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. गहाणखत नोंदवलेलं असेल तर ते सोडवल्याचा दस्तही नोंदवून घ्यावा लागतो, नुसतं पत्र पुरत नाही. नो ड्यूजची प्रत सेक्रेटरींना देऊन सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्या आणि तसं पत्र मागा.

हे शेवटचं काम मुंबईत विशेष महत्त्वाचं, कारण मुलुंड, चेंबूर, बोरिवली, जिथे बघाल तिथे जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची विकासक निवडण्याची प्रक्रिया पूर्ण होऊन पर्यायी जागेचा करार करायची वेळ आली की विकासक मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट मागतो, आणि घरावर कर्ज असेल तर बँकेची एनओसी. तुमच्या सोसायटीत विकासक ठरत आला असेल आणि कर्ज थोडंच उरलं असेल, तर एनओसीच्या मागे लागण्यापेक्षा फोरक्लोजरचा अर्ज आधी टाका. ३० दिवस पैसे भरल्यापासून मोजले जातात, अर्ज दिल्यापासून नाही, तेव्हा कराराच्या तारखेच्या निदान दोन महिने आधी रक्कम भरून झालेली असू द्या.