प्रेसच्या पायात झालेली फसवणूक: जड मशीन बसवणाऱ्यांनी जरूर वाचा

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये २५० टनी मेकॅनिकल प्रेस, म्हणजे २५० टन जोराने पत्रा कापणारी-दाबणारी मशीन, बसवायची होती. मशीनचं वजन २८ टन. माती परीक्षण, पायाचं डिझाइन, काँक्रीटचं ओतकाम, ग्राउटिंग (मशीनच्या बेडखालची फट भरणं) असं सगळं काम एकाच कंत्राटदाराने अंगावर घेतलं. कागद त्याने चोख दिले आणि ते जवळजवळ सगळे खोटे निघाले.

सुरुवातीला डायच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याच्या, कडा उडू लागल्या. ऑपरेटरला वाटलं स्टील खराब आहे. मग फाउंडेशन बोल्ट आवळले तरी ढिले पडू लागले, ऑफिसच्या भिंतीला तिरके तडे गेले, आणि पावसाळ्यात प्रेसचा एक कोपरा खचला.

तेव्हा दुसऱ्या लॅबकडून पायाला लागूनच मातीचे नमुने काढायला बोअर घेतला. कंत्राटदाराच्या रिपोर्टात सव्वा मीटरवर घट्ट मुरूम होता. प्रत्यक्षात जवळजवळ तीन मीटरपर्यंत काळी माती निघाली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया दोन मीटर खोल, म्हणजे तो मातीतच बसलेला. मग आम्ही खड्ड्यात मुरूम पाहिला तो कुठला? खोदकाम संपताच रातोरात तळाला मुरूम पसरून वर पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) टाकली होती आणि बाजूंना शटरिंग (ओतकामाच्या फळ्या) उभं केलं होतं. पुढे दुसऱ्या एका कारखानदाराने त्याचा रिपोर्ट दाखवला. आकडे तेच, फक्त प्लॉट नंबर वेगळा.

डिझाइनमध्ये तर निव्वळ भागाकार होता. मशीन २८ टन, काँक्रीट ९० टन, भागिले १८ चौरस मीटर: दर चौरस मीटरला साडेसहा टन, जमिनीची क्षमता वीस, म्हणून पाया सुरक्षित! प्रेस काही गोदामातल्या पोत्यांसारखी नुसती पडून राहत नाही. पंच पत्र्यातून आरपार गेला की फ्रेममध्ये साठलेला ताण एका क्षणात सुटतो आणि तो धक्का पायात उतरतो, पाळीभर, स्ट्रोकमागून स्ट्रोक. मशीनच्या पायांसाठी आयएस २९७४ हे भारतीय मानक आहे: स्टँपिंग प्रेससाठी त्याचा भाग ५, हातोड्यांसाठी भाग २, पिस्टनवाल्या कॉम्प्रेसरसाठी भाग १. या हिशेबात कंप, धक्का, पायाची वारंवारता यांचा एकही शब्द नव्हता, आणि तरीही खाली इंजिनिअरचा शिक्का होता. त्या इंजिनिअरला आम्ही गाठलं, तर तो म्हणाला, हे काम माझं नाहीच.

काँक्रीटचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण पुरावा आमच्याच गेटवर होता. ३६ घनमीटरसाठी तयार काँक्रीटच्या सहा-सहा घनमीटरच्या सहा गाड्यांची चलनं बिलाला जोडलेली. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये गाड्या चारच. उरलेला माल दुसऱ्या दिवशी साइटवरच मिक्सरमध्ये कालवला. पायातून कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढला तेव्हा मधोमध धुळीचा थर लागला आणि तिथूनच त्याचे दोन तुकडे झाले. असा ब्लॉक एका दमात ओतायचा असतो. आणि क्यूबचा, म्हणजे ओतताना भरलेले काँक्रीटचे ठोकळे २८ दिवसांनी दाबून बघतात त्याचा, रिपोर्ट? त्यावरच्या तारखेला ओतकाम होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. बेडखालचं नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट म्हणजे साधं सिमेंट-वाळू निघालं.

पैशांसाठी नोटीस पाठवली आहे, पोलिसांतही तक्रार दिली आहे. प्रेस उचलून जुना ब्लॉक फोडावा लागला, त्या काळात ऑर्डरी हातच्या गेल्या.

नवा पाया मुरमापर्यंत नेला आणि शेडच्या खांबांच्या फुटिंगपासून (पायापासून) फट ठेवून वेगळा ठेवला. माती परीक्षणाची लॅब आम्ही निवडली, बोअर मारताना आमचा माणूस उभा होता, नमुन्यांवर तिथल्या तिथे चिठ्ठ्या लावल्या. डिझाइनरशी थेट बोललो, मशीनच्या कंपनीचा धक्क्याच्या भाराचा तक्ता त्याच्या हातात दिला. पीसीसीआधी खड्ड्याच्या तळाशी पहारीने खणून त्यानेच मुरूम तपासला. प्रत्येक गाडीचं चलन गेटवरच्या नोंदीशी जुळवलं, क्यूबवर सह्या केल्या आणि ते आम्हीच लॅबला पोहोचवले. तो जुना कंत्राटदार आता नव्या फर्मच्या नावाने याच भागात कामं घेतो आहे. त्याच्या कोटेशनमध्ये माती परीक्षण ‘मोफत’ लिहिलेलं असतं.