बाथरूमचं पाणी हळू जात होतं, दहा हजार गेले. कृपया वाचा

आम्ही पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बिल्डिंग 2014 ची आहे, म्हणजे फार जुनी नाही. साधारण महिनाभर बाथरूममधलं पाणी हळू जात होतं, शॉवर घेताना घोट्यापर्यंत पाणी साठायचं आणि आंघोळ झाल्यावर पाच-सात मिनिटांनी कुठे ते उतरायचं. सासूबाई 70 च्या पुढच्या, त्या पाण्यात पाय घसरेल ही भीती सतत डोक्यात, म्हणून एका गुरुवारी दुपारी नेटवर जवळचा प्लंबर शोधला आणि सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. सोसायटीच्या वॉचमनकडे आमच्या नेहमीच्या प्लंबरकाकांचा नंबर होता, तो मागायला खाली गेले असते तर हे काहीच झालं नसतं.

फोनवर एक मुलगी अगदी गोड बोलली. व्हिजिट 299, आणि क्लिनिंगचा रेट 180 पासून सुरू. मी समजले दोन्ही मिळून पाचशेच्या आत होईल. तासाभरात दोन मुलं आली, युनिफॉर्मसारखे टी-शर्ट, हातात मशीन, बोलायला इतकी नम्र की संशय यायचं कारणच नाही. ताई ताई करत होती, सासूबाईंना म्हणाली आजी तुम्ही लांब बसा, केमिकलचा वास येईल.

आधी त्यांनी जाळी काढली आणि एका बाटलीतलं ॲसिड ओतलं. पांढरा धूर आला, फसफसून फेस वर आला आणि त्यातला एक मला बोलावून म्हणाला, बघा ताई, आत किती घाण जळतेय. मला ते खरं वाटलं. आता कळलंय की आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं त्याचे क्षार साठलेले असतात आणि फरश्यांच्या सांध्यात व्हाइट सिमेंट असतं, ॲसिड पडलं की या दोन्ही गोष्टी अशाच फसफसतात. त्या ॲसिडने केस विरघळत नाहीत आणि आमच्याकडे अडकले होते ते केसच. अशा एकूण चार बाटल्या ओतल्या. सांध्यातलं सिमेंट खाल्लं गेलंय, जाळीचं क्रोम काळं पडलंय, आणि सासूबाई दोन दिवस खोकत होत्या, याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास झाला.

मग मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. म्हणे कॅमेरा आत सोडला होता, ही तुमची लाइन. पाइपात तपकिरी थर, खपल्या निघालेल्या, मधे अंगठा जाईल एवढीच जागा. म्हणाला आत्ता साफ केलं नाही तर खालच्यांच्या सीलिंगमध्ये लीकेज होईल, मग फरशी फोडावी लागेल, पन्नास-साठ हजार कुठे गेले नाहीत. मी ऑफिसच्या मीटिंगमधून उठून आले होते, कानात हेडफोन, तिकडे लोक वाट बघतायत, मी म्हटलं करा जे काय करायचं ते. तेव्हा रेट कशाचा, किती, हे विचारलं नाही ही माझी चूक, ती मी मान्य करते.

पाइपात लांब स्प्रिंग सोडून फिरवायचं मशीन अर्धा तास चालवलं आणि कागदावर हिशोब मांडून दिला. 42 फूट लाइन, 180 रुपये फूट, 7,560. केमिकलच्या चार बाटल्या, 650 ची एक, 2,600. व्हिजिट 299. एकूण 10,459, त्यातले वरचे 459 सोडतो म्हणाला. मी म्हटलं 180 हा पूर्ण कामाचा रेट होता ना, तर म्हणाला नाही ताई, फुटाचा, फोनवर सांगितलं असेल. फोनवर फूट हा शब्दच आला नव्हता. मी वाद घातला, पण दोघं दारात उभे, मशीन मधेच पसरलेलं, सासूबाई घाबरलेल्या, आणि आवाज थोडा चढला होता त्यांचा. शेवटी यूपीआयने 10,000 दिले. बिल मागितलं तर व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणाले. बिल आलं नाही, मी मागे लागले तर तो कॅमेऱ्याचा व्हिडिओ तेवढा पाठवला, आणि त्यानंतर नंबर बंद.

त्या दिवशी पाणी मात्र भसाभसा जात होतं, म्हणून वाटलं निदान काम तरी झालं. दुसऱ्या दिवसापासून बाथरूममधून गटाराचा वास, रात्री झुरळं, आणि नवव्या दिवशी पाणी परत साठायला लागलं.

मग प्लंबरकाकांना बोलावलं. त्यांनी पहिलं काय केलं तर जाळी उचलून विचारलं, वाटी कुठाय? जाळीच्या खाली जी वाटी असते ती त्या मुलांनी काढून बाहेर ड्राय बाल्कनीत ठेवून दिली होती. त्या वाटीमुळे तिथे थोडं पाणी धरून राहतं आणि खालचा वास, झुरळं वर येत नाहीत. वाटी काढली की पाणी जोरात जातं, म्हणून गिऱ्हाइकाला वाटतं साफ झालं. काकांनी हातमोजा घालून, तारेचा आकडा वाकवून नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागाच्या, वळणात घातला आणि केसांचा एक लांब गोळा बाहेर ओढला, मनगटाएवढा जाड, साबणाने पांढरट चिकट झालेला, त्यात शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. गोळ्याच्या मधोमध भोक होतं. काका म्हणाले स्प्रिंग यातून आरपार गेली, गोळा जागेवरच राहिला, नऊ दिवसांत भोक भरलं. वीस मिनिटं, 300 रुपये.

मी त्यांना 42 फुटांचं सांगितलं तर ते मला टेप घेऊन बाहेरच्या डक्टपाशी, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या मोकळ्या जागेपाशी, घेऊन गेले. आमच्या नहाणीपासून डक्टमधल्या उभ्या पाइपपर्यंत अंतर साडेचार फूट. पुढे सगळी सोसायटीची कॉमन लाइन. स्प्रिंग खरोखर 42 फूट गेलीच असेल तर ती त्या उभ्या पाइपात खाली सोडत बसले होते, ज्याचा आमच्या तुंबण्याशी संबंध नाही आणि ज्याचा खर्च माझा नाहीच.

म्हणून ज्यांच्याकडे पाणी हळू जातंय त्यांनी कुणालाही फोन करायच्या आधी जाळी आणि वाटी उचलून बघा, आणि उघड्या ट्रॅपमध्ये एक बादली पाणी एकदम ओता. झटकन गेलं तर घाण जाळीत आणि वाटीतच आहे, ब्रशने घासा, धुवा आणि वाटी आठवणीने परत बसवा. तरीही साठलं तर ट्रॅपच्या वळणात केस असण्याची शक्यता जास्त, ते तारेने ओढून निघतात. संडासचं पाणी पण चढत असेल, किंवा वरच्या-खालच्या घरात तोच प्रॉब्लेम असेल तर लाइन कॉमन आहे, ते सोसायटीला सांगा. ड्रेन क्लीनरच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, त्याने केस सुटतात, पण ती टाकलेली असताना वरून ॲसिड कधीही ओतू नका, उकळी येऊन अंगावर उडतं. आणि ब्लीचिंगवाल्या क्लीनरवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं.

माणूस बाहेरचाच बोलवावा लागला तर फोनवर विचारा, रेट फुटाचा की कामाचा, केमिकल वेगळं का, जास्तीत जास्त किती होईल, आणि हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तिथे तक्रार करता येते, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी 1930 आहे, पण माझ्याकडे ना बिल ना कंपनीचं खरं नाव, फक्त क्यूआर कोडवर आलेलं एका माणसाचं नाव आणि तो व्हिडिओ.

व्हिडिओ काकांनी पण बघितला. दोन सेकंदात म्हणाले ताई, हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप आहे, गंजाच्या खपल्या दिसतायत, तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळं पीव्हीसी आहे. मी तो तसाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी समोरच्या विंगमधल्या एका वहिनींचा फोन आला, त्यांना मार्चमध्ये हाच व्हिडिओ त्यांच्या किचनच्या सिंकची लाइन म्हणून दाखवला होता आणि त्यांच्याकडून 14,000 घेतले होते. आम्ही दोघी मिळून शनिवारी पोलीस चौकीत अर्ज द्यायला चाललोय. याच भागात अजून कुणाला हा तपकिरी पाइपाचा व्हिडिओ दाखवला असेल तर प्लीज सांगा, अर्जात तुमचंही नाव घालू.